हिमोग्लोबिन ९.४, पूर्ण शाकाहारी. काय खायला द्यावं?

जास्वंदी: धाकट्या बहिणीचं (वय ३४, अंडंही खात नाही) हिमोग्लोबिन ९.४ आलंय. जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण पोट साफ होईना म्हणून तिने बंद केल्या. आता रोज बीटाचा रस आणि खजूर चालू आहे. एवढ्याने भागेल का? लोखंडी कढईचा खरंच उपयोग होतो?

खमंग_फोडणी: बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, हा आपला लाडका समज! १०० ग्रॅममध्ये धड १ मिग्रॅ लोह नसतं, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशेबाने बाईला दिवसाला २९ मिग्रॅ लागतं. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरे दे. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीनेच खायचे असं थोडंच आहे?

पण खरी मेख सोबत काय घेतो त्यात आहे. धान्या-कडधान्यांतलं लोह मुळात अंगी कमी लागतं. उसळीवर लिंबू पिळलं, जेवणात पेरूची फोड असली की जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा ढोसला की निम्मी मेहनत वाया.

कढई जरूर घे. चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोची भाजी अशा आंबट पदार्थांत लोह जास्त उतरतं. शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळं पडतं. इनॅमलचा लेप असलेली नको, तिच्यातून काही उतरत नाही.

लॅबवाला: ९.४ ला नुसत्या खाण्यावर राहू नका. फेरिटिन केलंय का? शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. शाकाहारी आहेत तर बी१२ जीवनसत्त्व पण बघा. पाळीत अंगावरून फार जातं का?

जास्वंदी: फेरिटिन ६. बी१२ केलेलं नाही. पाळी आठवडाभर चालते, पण तिला ते नेहमीचंच वाटतं. चहा दिवसातून चारदा, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबरच घ्यायची.

लॅबवाला: ६ म्हणजे साठा जवळपास संपलाय. मग आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नळ गळका ठेवून टाकी कशी भरणार? कॅल्शियम दुसऱ्या वेळेला घ्यायचं. लोहाची गोळी बदलून मिळेल का, दिवसाआड घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसाआड घेतल्याने बऱ्याच जणींना त्रास कमी होतो. शी काळी झाली तर घाबरू नका, गोळीमुळे होते. हिमोग्लोबिनचा आकडा १२ च्या वर गेला तरी गोळी लगेच थांबवू नका, साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात.

खमंग_फोडणी: आणि दुपारचा चहा जेवणानंतर तासाभराने, चारदा प्यायली तरी चालेल 😄