हॅकनी डायमंड्स : गाणी चोख आहेत, पण झुलतात का?

रानवारा

ब्रिटिश रॉक बँड रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ ला आला आणि तेव्हापासून माझ्या घरात दुसरे काही वाजलेले नाही. २००५ च्या 'अ बिगर बँग'नंतर स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा हा पहिलाच अल्बम आहे. २०१६ चा 'ब्लू अँड लोनसम' मला अतिशय प्रिय असला, तरी ती सगळी जुन्या ब्लूज कलावंतांची गाणी होती. कॅसेटच्या काळापासून या बँडवर जीव लावलेल्या माझ्यासारख्या श्रोत्याला १८ वर्षांनी असे काही हाती येणे, ही फार मोठी गोष्ट आहे.

मिक जॅगरचा आवाज ऐकून तर मी थक्क झालो. ८० वर्षे पूर्ण केलेला हा गायक 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये ज्या त्वेषाने तुटून पडतो, तो त्वेष त्याच्या नातवंडांच्या वयाच्या गायकांतही क्वचितच आढळतो, आणि त्याच गाण्यात पॉल मॅकार्टनीचा खरखरीत बास मध्येच पुढे येतो तेव्हा अंगावर काटा येतो. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' मी त्यांच्या उत्तम गाण्यांत निःसंकोच बसवीन.

तरीही 'अँग्री' किंवा 'गेट क्लोज' ऐकताना काहीतरी हुकल्यासारखे वाटते. ठेका चोख आहे, गिटार जागच्या जागी आहे, आणि तरी गाणे झुलत नाही. हे बँडचा ड्रमर चार्ली वॉट्सच्या जाण्यामुळे होत असावे, की निर्माता अँड्र्यू वॉटने चढवलेल्या झिलईमुळे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाचवी तार

आपल्या प्रश्नाचे उत्तर याच अल्बममध्ये आहे. चार्ली ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, पण 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द स्वोर्ड' या दोन गाण्यांत त्याने आधी वाजवून ठेवलेले ड्रम्स आहेत. बाकी जेथे ड्रम्स आहेत तेथे स्टीव्ह जॉर्डन आहे. 'मेस इट अप' ऐका आणि लगेच 'अँग्री' लावा. चार्ली स्नेअरवर, म्हणजे मुख्य आघाताच्या ड्रमवर, काठी मारताना त्याच क्षणी हाय-हॅटवरचा, म्हणजे झांजांच्या जोडीवरचा, हात उचलून घ्यायचा. त्यामुळे प्रत्येक मुख्य आघाताभोवती किंचित मोकळी जागा राहायची आणि त्या जागेत गिटारवादक कीथ रिचर्ड्सची गिटार शिरायची. एप्रिल २००३ मध्ये मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स आले, तेव्हा मी जवळजवळ सगळा वेळ त्याच्या उजव्या हाताकडेच पाहत होतो.

दुसरी गोष्ट अशी की, बहुतेक बँडांत सगळे वादक ड्रमरच्या मागून चालतात, आणि स्टोन्समध्ये मात्र ड्रमर कीथच्या मागून चालायचा. कसलेला तबलजी गायकाचा श्वास ओळखून संगत करतो, तशी चार्लीची कीथला संगत होती. कीथ सर्वांत खर्जाची तार काढून टाकतो आणि उरलेल्या पाच तारा 'ओपन जी'मध्ये, म्हणजे नुसत्या छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल अशा, लावतो. त्यामुळे त्याचे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, दाट नसतात, त्यांत जागा असतात, आणि त्या जागा भरायच्या कधी व सोडायच्या कधी, हे चार्लीला जवळजवळ ६० वर्षांच्या सहवासाने कळत होते. जॉर्डन हा उपरा नाही. कीथच्या १९८८ च्या 'टॉक इज चीप' या स्वतंत्र अल्बमपासून तो त्याच्या सोबत आहे, आणि चार्लीचीही त्याला पसंती होती. पण त्याचा हात जड आहे, तो ठेका जमिनीत रोवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने चार्लीची नक्कल केली असती तर मला ते अधिक खुपले असते.

'लिव्ह बाय द स्वोर्ड'मध्ये बिल वायमनचाही बास आहे, हे विसरू नये. १९९३ च्या सुमारास बँड सोडलेला हा वादक चार्लीखातर परतला, आणि ती जुनी जोडी काही मिनिटांपुरती का होईना पुन्हा ऐकायला मिळाली.

सांजसूर

ड्रम्सबद्दलचे म्हणणे मान्य आहे, परंतु निर्मात्याला इतक्या सहज सोडू नये. 'अँग्री', 'गेट क्लोज' आणि 'डिपेंडिंग ऑन यू' या तिन्ही गाण्यांच्या रचनेत जॅगर-रिचर्ड्स यांच्या जोडीला वॉटचे नाव आहे, आणि नेमक्या याच गाण्यांत प्रत्येक कोपरा आवाजाने भरलेला आहे. सगळे वाद्य सारख्याच पातळीवर आणून ठेवले की रॉनी वुड आणि कीथ यांच्या गिटारींची आपापसांतली गुंफण ऐकू येईनाशी होते. स्टोन्सच्या ध्वनिमुद्रणांत थोडा राडा हवाच. 'एग्झाइल ऑन मेन स्ट्रीट'मध्ये जॅगरचे शब्द वाद्यांत बुडतात, आणि तरीही १९७२ पासून लोक तो अल्बम कवटाळून बसले आहेत.

दक्षिणदरवाजा

मला ही तक्रार थोडी अन्यायाची वाटते. १९७८ मध्ये 'मिस यू' आले तेव्हा त्यावर डिस्कोचा ठसा उघड होता. आपल्या काळाचा आवाज उचलणे ही या बँडची नेहमीचीच रीत आहे. शिवाय 'अ बिगर बँग' तासाभराहून लांब होता आणि त्यातली काही गाणी गाळता आली असती. येथे १२ गाणी आणि सुमारे ४८ मिनिटे, इतकेच आहे. १८ वर्षे रेंगाळलेले काम कोणीतरी नेटाने तडीस नेले, त्याबद्दल मी वॉटचा ऋणी आहे.

रानवारा

सर्वांचे मनापासून आभार. 'मेस इट अप' आणि 'अँग्री' पाठोपाठ ऐकले. हाय-हॅटचा मुद्दा लक्षात आल्यावर आता तो ऐकू येतच राहतो. मात्र एक शंका उरते. केवळ चार्लीचे नसणे हेच कारण असेल, तर 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' इतके जिवंत कसे झाले? तेथेही जॉर्डनच आहे.

पाचवी तार

कारण तेथे माणसे एकमेकांचे ऐकून वाजवताना जाणवतात. गाणे संपल्यासारखे थांबते, स्टीव्ही वंडरची बोटे पियानोवर रेंगाळत राहतात, लेडी गागा एक सूर उचलते, जॅगर तिला उत्तर देतो आणि सगळा बँड हळूहळू परत उभा राहतो. अशा वेळी जॉर्डनचा जड हातही मोकळा होतो. शेवटचे 'रोलिंग स्टोन ब्लूज' तर याहून पुढचे आहे. मडी वॉटर्सने १९५० मध्ये गायलेल्या ज्या गाण्यावरून बँडला नाव मिळाले, ते येथे फक्त जॅगरचा आवाज व हार्मोनिका आणि कीथची गिटार एवढ्यावर उभे आहे. ड्रम्स मुळीच नाहीत, आणि तरी ते झुलते. कीथच्या बोटांना संधिवात आहे, हे त्याने स्वतः सांगितले आहे. त्यामुळे तो कमी सूर वाजवतो, पण प्रत्येक सुराला वजन देतो. माझ्या मते पुढच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांनी याच गाण्यापासून सुरुवात करावी, म्हणजे आधी ही दोघे समोरासमोर बसावीत आणि इतरांनी नंतर आत यावे.