शब्दचर्चा : अरबी वाळवंटातले 'शिलालेख' की खरड?

प्रश्न : सौदी अरेबियातल्या जुब्बा आणि शुवैमिसवर टिपण लिहितोय. २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. खडकावर उंट, शिकारी, त्यांच्या कमरेला दोरीने बांधलेले कुत्रे. याला 'शैलचित्रं' म्हणू की 'कातळशिल्पं'?

— 'शैलचित्र' म्हटलं की भीमबेटकाचा गेरू डोळ्यांपुढे येतो. हे रंगवलेलं नाही. 'कातळशिल्प' रत्नागिरीकडच्या सड्यांनाच शोभतं: जांभा दगड, पायाखाली आडवा. जुब्बाला वालुकाश्माचे उभे कडे आहेत. मी 'खोदचित्र' लिहीन.

— 'खोद' म्हणजे खोल घाव वाटतो हो. तिथे खडकावर लोह-मँगनीजचं काळपट पुट चढलेलं असतं. ते दगडाने ठेचून काढलं की आतला फिका रंग उघडा पडतो. बरीचशी चित्रं अशीच झालीत. तरी दुसरा सुटसुटीत शब्द सुचत नाही, 'खोदचित्र' चालवून घ्या.

प्रश्न : आणि तिकडच्या लेखांना 'शिलालेख'च ना?

— राजाने खोदवलेला असेल तर खुशाल. पण सीरिया, जॉर्डन आणि उत्तर सौदीच्या काळ्या दगडांच्या माळावरचे सफाइती (इस्लामपूर्व काळातल्या एका वाळवंटी लिपीतले) लेख बघा. ३० हजारांहून जास्त नोंदले गेलेत आणि बहुतेक भटक्या पशुपालकांचे. अमक्याने उंट चारले, अमक्याने मेलेल्या आप्तासाठी शोक केला, 'हे लात देवी, सांभाळ'. 'शिलालेख' म्हटलं की आपल्याला दानपत्र आठवतं, शेवटी शापवचन असलेलं. ही तर रिकाम्या वेळेची खरड!

— 'खरड'मध्ये हिणवणं येतं. बापाचं, आजाचं, पणजाचं नाव सांगत गेलेला माणूस खरडत नाही. 'खडकलेख' म्हणा.

— नावांवरून आठवलं. या लेखांत सुरुवातीला 'ल' असतो, म्हणजे 'अमक्याचा', मग नाव, मग 'ब्न', मग बापाचं नाव. स्वर लिहीत नसत. हा 'ब्न' म्हणजे अरबी 'बिन'चाच भाऊबंद. आणि आपल्या जुन्या कागदांत 'अमुक बिन तमुक' असतंच की! ('बिनकामाचा'मधला बिन वेगळा, तो 'विना'चा.) म्हणून भाषांतरात 'चा मुलगा' न लिहिता 'बिन' ठेवावं असं मला वाटतं.

प्रश्न : 'बिन' घेतला. 'खडकलेख'ही. 'खोदचित्र' मात्र अजून खुपतंय.