मदत हवी आहे: आई-आण्णा व्हिएन्नाला येताहेत, त्याच्या आईवडिलांशी पहिली भेट कुठं घालावी?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी,

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. शिकायला म्हणून व्हिएन्नाला आले, नोकरी लागली आणि राहिले. इथल्याच एका मुलाशी माझं जमलंय. घरी सांगून झालंय, रडणं, रुसणं, अबोला, सगळं होऊन गेलंय. आता मे महिन्यात आई-आण्णा येताहेत. "मुलगा बघायला" असं कुणी म्हणत नाही, "व्हिएन्ना बघायला" म्हणतात. भावकीतही तसंच सांगितलंय. व्हिसा, विमा, तिकिटं झाली, त्यावर सल्ला नको.

अडलंय ते भेटीपाशी. त्याच्या आईनं दोघांना दुपारी घरी जेवायला बोलावलंय. बाई मनानं फार चांगली, पाहुणा येणार म्हटलं की आठ दिवस आधीपासून काय रांधायचं ते ठरवणारी. पण माझी आई माळकरी. मटण-मासे सोडाच, अंडंही चालत नाही. त्यात कहर म्हणजे त्याच्या आईनं जो दिवस धरलाय, तो मी कालनिर्णयात बघितला तर एकादशी!

दुसरं म्हणजे भाषा. आईआण्णांना मराठी आणि मोडकी हिंदी, त्यांना जर्मन आणि थोडी इंग्रजी. टेबलाच्या एका अंगाला हे दोघं, दुसऱ्या अंगाला ते दोघं, मधी मी आणि तो दुभाषे. हा पाहण्याचाच कार्यक्रम झाला की, फक्त पोहे नाहीत. आण्णा आत्ताच फोनवर म्हणतात, "मी तिथं काय बोलू गं? दोन तास नुस्तं तोंडाकडं बघत बसायचं का?"

म्हणून माझ्या डोक्यात असं आहे की पहिली भेट जेवणाच्या टेबलावर नकोच. कुठंतरी फिरता फिरता गाठ घालून द्यावी. बघायला काहीतरी समोर असलं की माणूस गप्प राहिला तरी अवघडत नाही. मला शोनब्रुनचा राजवाडा बरा वाटतोय. इथं राहून गेलेल्यांनी किंवा अशा प्रसंगातून गेलेल्यांनी सांगा.

माहिती म्हणून: आण्णांचा उजवा गुडघा दुखतो. कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. मृगाच्या आत परत जायचंच आहे, त्यात तडजोड नाही. त्याचे वडील निवृत्त. शहराच्या कडेला त्यांचा छोटा बागेचा तुकडा आहे, दिवसभर तिथंच टोमॅटोत रमलेले असतात. त्याची आई शाळेत शिकवायची.

आणि आईचा एक प्रश्न: त्याच्या आईची ओटी भरावी का? नारळ इथून न्यायचा की तिथं मिळतो?

निवांत_नांदेड

शोनब्रुन बघायलाच हवं, पण या भेटीसाठी नको. १४४१ खोल्या आहेत म्हणतात. आपल्याला त्यातल्या मोजक्याच दाखवतात, पण त्याही गर्दीतून ढकलत ढकलत. आत शिरलं की जो तो कानाला ते माहिती सांगणारं यंत्र लावतो. दोन्ही बाप दोन वेगळ्या दालनांत महाराणी मारिया थेरेसाची चित्रं बघत उभे राहतील, एकमेकांशी बोलायचं राहूनच जाईल. भेट कशाची डोंबलाची?

मागची बाग फुकट आहे आणि खरी मजा तिथंच आहे. टेकडीवरची ग्लोरिएट म्हणजे तो कमानींचा सज्जा, तिथवर चढ आहे. गुडघेवाल्यांसाठी बागेत एक छोटी गाडी फिरते, तिचं तिकीट काढा. प्राणिसंग्रहालय त्याच आवारात, १७५२ चं. आजही चालू असलेल्यांत जगातलं सगळ्यात जुनं तेच.

स्टेफान्सडोम चर्चमध्ये दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तिकडं आण्णांना नेऊ नका. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे, वर पुमेरिन नावाची घंटा आहे. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांच्या ज्या तोफा हाती लागल्या त्या वितळवून १७११ साली मूळ घंटा ओतली होती. १९४५ च्या आगीत ती खाली पडून फुटली, तोच धातू वापरून १९५१ मध्ये पुन्हा ओतली. दौलताबादची मेंढा तोफ बघितलेल्या माणसाला ही गोष्ट आवडते, माझ्या वडलांना आवडली होती. तोफेची घंटा केली म्हणजे बरं केलं, म्हणाले.

कर्डईचं_तेल

मी ऑस्ट्रियात काही वर्षं काढलीत, व्हिएन्नात नाही, ग्राझला. जेवणाचं सांगते, कारण तिथंच माणूस फसतो.

मांस दिसतं ते सोपं. न दिसणारं अवघड. व्हिएन्नाच्या पद्धतीचं बटाट्याचं सॅलड शाकाहारी दिसतं, पण बऱ्याच घरी त्यात गाईच्या मांसाचं गरम पाणी घालतात, चव त्याचीच. सूपचंही तेच. स्पेट्सले (जाड शेवयांसारखं), क्नोडेल (उकडलेले गोळे) यांत अंडं असतं. केक तर विचारूच नका, झाखरटॉर्टे अंड्यावरच उभा असतो. त्या बाईला "शाकाहारी" एवढंच सांगू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही, असं चार ओळींत लिहून पाठवा. तिकडच्या लोकांना असं स्पष्ट लिहिलेलं आवडतं, राग येत नाही. आयत्या वेळी ताटात बघून नाही म्हटलेलं मात्र फार लागतं.

आणि वेळ. एक म्हणजे एक. पावणेएकला गेलात तरी पंचाईत, सव्वाला गेलात तरी पंचाईत. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत न्या, आणि लाल गुलाब नकोत. चप्पल-बूट दारातच काढतात, त्याबाबतीत आईला घरीच आल्यासारखं वाटेल.

मोंढा_नाका

सामानाचं माझ्याकडून. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. म्हणजे तूप नाही, आणि कुंथलगिरीच्या पेढ्यावर कितीही जीव असला तरी खव्याच्या वाटेला जाऊ नका. शेंगाची चटणी, काळा मसाला, येसर खुशाल न्या.

फळं-भाज्या, बियाणं, रोपं यांना तपासणीचा दाखला लागतो. पण पाच फळांना त्यातून सूट आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि (बसा खाली) नारळ! तेव्हा ओटीचा नारळ औशाहून बिनधास्त जाऊ द्या. तांदूळ तिकडं मिळतील. खणाऐवजी छत्रपती संभाजीनगरातून हिमरू शाल न्या. ब्लाउजपीस घेऊन ती बाई काय करणार? शाल निदान थंडीत पांघरेल.

गोदाकाठ

मला व्हिएन्ना काही माहीत नाही. तीन सुना मात्र आणल्यात, त्यातली एक बंगालची, तेव्हा थोडं बोलते.

पोरी, त्या बाईनं घरी जेवायला बोलावलंय. तू तिला "घरी नको, राजवाड्यात भेटू" म्हणणार? बरं दिसतं का ते? चूल पेटवून बोलावणाऱ्या माणसाला नाही म्हणू नये. एकादशी ही अडचण नाही, उलट सुटका आहे. तिला सांगायचं, आईचा उपवास आहे, उकडलेले बटाटे, दही आणि फळं चालतात. बटाटे कोणत्याही देशातल्या बाईला उकडता येतात. तिनं केलेलं तुझ्या आईच्या पोटात गेलं म्हणजे झालं की.

ओटी भरावी. पण आधी पोराकरवी त्याच्या आईला समजावून सांगा आणि कुंकू विचारून लावा. निघताना भरा, आल्या आल्या नको.

मोंढा_नाका

ओटीला हरकत नाही, फोटोला आहे. तो फोटो भावकीच्या ग्रुपवर गेला की औशात त्याच रात्री साखरपुडा झालेला असतो. आईचा मोबाइल आधी ताब्यात घ्या.

तेरणाकाठ

@मोंढा_नाका 😂 मोबाइलचं एकदम खरं. नारळाचं आईला सांगितलं, ती लगेच "दोन आणते" म्हणाली.

@गोदाकाठ, आजी, तुमचं पटतंय. मला तिला नाही म्हणायचंच नाहीये. पण चार भिंतीत, समोरासमोर खुर्च्या मांडून आण्णांना बसवलं की ते गोठतात हो. बँकेत मॅनेजरसमोर बसतात तसे बसतील, हात मांडीवर, "हो, हो" करत. मला त्या लोकांना असे आण्णा दाखवायचे नाहीत. ते असे नाहीतच. बांधावर उभे राहिले की बोलायचे थांबत नाहीत.

पाटाचं_पाणी

धागा सुरुवातीपासून वाचतोय आणि सगळे राजवाड्यात काय शोधताय ते कळेना. उत्तर तुमच्याच लिहिण्यात पडलंय. तुमचे आण्णा बांधावर बोलतात. त्याचा बाप दिवसभर टोमॅटोत असतो. मग भेट त्या बागेत घाला ना!

व्हिएन्नात अशा बागांच्या वसाहती आहेत. एकाला लागून एक छोटे तुकडे, प्रत्येकात एक खोपटं, बाहेर टेबल-खुर्च्या. उन्हाळ्यात लोक तिथंच पडीक असतात. त्याच्या आईला म्हणावं, जेवण तुमचंच, फक्त टेबल बागेतलं. म्हणजे गोदाकाठ आजींचाही मान राहतो आणि तुमचाही.

आता महिना बघा. १२ ते १५ मे हे तिकडं बर्फाच्या संतांचे दिवस. पांक्राझ, सेर्व्हाझ, बोनिफाझ आणि शेवटी सोफी. सोफी होईपर्यंत रात्रीचं दहिवर गोठून रोप जळायची भीती असते, म्हणून बागवाले टोमॅटोची रोपं त्यानंतरच बाहेर मातीत लावतात. म्हणजे तुमच्या आण्णांना जसं मृग, तसं त्यांना सोफी. तुमची माणसं त्यानंतर पोचत असतील तर त्याचा बाप नेमका लागवडीत असेल. रोपात किती अंतर धरायचं यावर दोन शेतकरी वाद घालू लागले की दुभाषाला कोण विचारतो? बोटांनी होतं ते सगळं.

फिरण्यात अजून एक ठिकाण घाला. श्वार्झनबर्गप्लाट्झ चौकात एक मोठं कारंजं आहे, होखश्ट्रालब्रुनेन. बाकीच्यांना ते नुसतं कारंजं, लातूरच्या माणसाला नाही. १८७३ साली डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी पहिल्यांदा व्हिएन्नात आलं, त्याच्या उद्घाटनाला हे उडवलं. १९१० मध्ये दुसरी वाहिनी झाली. तिच्यातून पाणी सुमारे १८० किलोमीटर येतं, उतारानं, पंप न लावता, आणि शहरात पोचायला त्याला दीड दिवस लागतो. घरातल्या नळाला तेच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्यानं लातूरच्या स्टेशनवर उतरताना बघितलंय, त्याला हे सांगा आणि मग तोंडाकडं बघा. आमच्या संभाजीनगरात मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी नहर खणून असंच उतारानं पाणी आणलं होतं. आज आम्ही टँकरची वाट बघतो, तो विषय वेगळा.

निवांत_नांदेड

+१ बागेला. आणि ट्रामनं जा. डी किंवा ७१ नंबर धरली की त्या कारंज्यापाशी उतरता येतं. ७१ तशीच पुढं मोठ्या दफनभूमीला जाते, जिथं बेथोव्हेन आणि शुबर्ट हे संगीतकार आहेत, पण पहिल्या भेटीच्या आठवड्यात आईला दफनभूमी दाखवू नका.

रविवारी दुकानं बंद असतात, दही-फळं शनिवारीच आणून ठेवा.

कर्डईचं_तेल

आगाऊ प्रश्न, उत्तर नाही दिलं तरी चालेल. तुम्ही दोघं एकत्र राहत असाल तर आईआण्णा उतरणार कुठं?

तेरणाकाठ

@कर्डईचं_तेल, आगाऊ कसला, सगळ्यांच्या मनात तोच असणार. ते माझ्याकडंच उतरणार. तो तेवढे दिवस त्याच्या आईबापाकडं. आईला माहीत आहे. आण्णांनाही माहीत आहे, पण ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. असंच बरं चाललंय.

@पाटाचं_पाणी, काल रात्री त्याच्याशी बोलले. तो आधी हसला, म्हणाला बाबा तिथं मळक्या चड्डीत असतात. म्हटलं, माझे बाबा धोतरात असतील, जमेल. मग त्यानं आईला फोन लावला. मी धाकधूक करत बसलेली, आणि ती म्हणाली, बरं झालं, घर आवरायचं वाचलं! एकादशीचं मी चार ओळींत लिहून पाठवलं. तिचा उलट प्रश्न आला, बटाटे सालीसकट उकडायचे की सोलून, आणि स्ट्रॉबेरी चालतात का. आईला विचारलं. आई म्हणाली, फळच ना, मग चालतं.

दिवस तोच ठेवलाय, सोफीनंतरचा. कारंजं आदल्या संध्याकाळी.

आण्णांना बागेचं सांगितल्यापासून फोनवर आवाजच बदललाय. जमीन काळी आहे का, पाणी ठिबकनं देतात का, कीड कोणती पडते, असलं विचारतात. आणि आज विचारलं, "माझं खुरपं आणू का?" यावर कुणी सांगू शकेल का? विमानात चालतं का खुरपं?

मोंढा_नाका

केबिनमध्ये नाही, मोठ्या बॅगेत. पात्याला कापड गुंडाळा. आणि मातीचा कणही राहू देऊ नका, घासून धुवा, बाहेरची माती युरोपात नेऊ देत नाहीत.

बॅगेत वांग्याचं बी लपवलेलं असणार, तेही आधीच काढायला लावा. माझ्या सासऱ्यांनी पायमोज्यात ठेवलं होतं.

तेरणाकाठ

आत्ता आईला बघायला लावलं. बी पायमोज्यात नाही, चष्म्याच्या डबीत निघालं. काढलंय. आण्णा रुसलेत, बोलत नाहीत.