इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये नवीन आहोत, काउन्सिलकडून (म्हणजे इथल्या महापालिकेकडून) काय मिळतं आणि माणसं कुठे भेटतात? सल्ला हवाय

सायली_एमके
नमस्कार मंडळी. नवरा उन्हाळ्यात स्किल्ड वर्कर व्हिसावर इकडे आला, मी आणि लेक सप्टेंबरच्या शेवटी आलो. लेक फेब्रुवारीत तीन वर्षांची होईल. डिसेंबरमध्ये सासूबाई पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर येतायत, वसंतापर्यंत राहतील. नवरा सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो, आणि आमच्या गल्लीत दिवसभर चिटपाखरू दिसत नाही.

काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, बिल आलंय, आकडा बघून पोटात गोळाच आला. एवढे पैसे भरतोय तर त्यातनं आपल्याला काय मिळतं? आमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स नाहीत असं स्पष्ट लिहिलंय म्हणून मी लायब्ररीत जायलासुद्धा बिचकतेय, उगाच व्हिसाला काही होऊ नये. लेकीला आणि सासूबाईंना घेऊन फुकट किंवा स्वस्तात कुठे जाता येईल? आणि संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं मनात आहे, शेजारच्या बायकांनाही बोलवायचंय, पण घर अगदी छोटं आहे. हॉल कसा मिळतो?

जुनाजाणता
सायली, आधी ती भीती काढून टाका, कारण या एका शेऱ्यापायी आपली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं घरात बसून राहतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पब्लिक फंड्स म्हणजे सरकारने नावानिशी दिलेली यादी आहे, युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, उत्पन्न कमी म्हणून मिळणारं काउन्सिल टॅक्स रिडक्शन वगैरे. त्यांना हात लावायचा नाही, बस. लायब्ररी, सरकारी शाळा, पार्क, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), काउन्सिलचे कार्यक्रम यातलं काहीच त्या यादीत नाही.

आता बिलाकडे या. तुमचे यजमान उन्हाळ्यापासून तुम्ही येईपर्यंत घरात एकटेच राहत होते ना? मग त्या काळाची 25 टक्के सूट मागा. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर ही सूट असते आणि ती पब्लिक फंडात मोडत नाही, व्हिसावाल्यांनाही मिळते. आपोआप लागत नाही, मागावी लागते, मागच्या तारखेपासूनही मागता येते, भाडेकरार आणि तुमच्या प्रवासाची तारीख हाताशी ठेवा. मात्र घर दुसऱ्या कुणाबरोबर शेअर करत असतील तर नाही. आणि हप्ते साधारण दहा असतात, ते बारा करून द्या म्हटलं तर करून देतात, महिन्याचा भार थोडा हलका होतो.

दोन_पिल्लांची_आई
अगं सायली, लेकीचं मी सांगते. इंग्लंडमध्ये तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना आठवड्याला 15 तास नर्सरी फुकट असते, वर्षाचे 38 आठवडे, आईबाबांचा व्हिसा कुठला ते बघत नाहीत. पण तिसऱ्या वाढदिवसाच्या दिवसापासून नाही, पुढच्या टर्मपासून, म्हणजे तुझ्या लेकीला 1 एप्रिलनंतरची टर्म. जागा मात्र आत्तापासून बघायला लाग, चांगल्या नर्सऱ्या भरलेल्या असतात. काही ठिकाणी जेवणाचे नि नॅपीचे वेगळे पैसे सांगतात, ते ऐच्छिक असले पाहिजेत असा नियमच आहे, डबा घरून देऊ का असं सरळ विचार. नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी 30 तासांची वेगळी योजना आहे ती मात्र दोघांच्याही व्हिसावर तो शेरा असेल तर मिळत नाही, त्यामुळे त्याचा फॉर्म भरत बसू नकोस.

तोपर्यंत लायब्ररीतलं राइमटाइम (लहान मुलांची बडबडगीतं) आणि चिल्ड्रन अँड फॅमिली सेंटरचं स्टे अँड प्ले. फॅमिली सेंटर काउन्सिलचंच असतं, एकदा नाव नोंदवायचं. मुलं खेळतात, आपण जमिनीवर बसून गप्पा मारतो, कुणीतरी संत्र्याच्या फोडी वाटत असतं. माझ्या इथल्या सगळ्या मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या, एक घानाची, एक पोलंडची, एक आपली साताऱ्याची. पहिल्या वेळी कोणी फारसं बोललं नाही तरी पुन्हा जा गं, त्याच वारी त्याच वेळेला जात राहिलीस की ओळख होतेच.

शाळेचं पण डोक्यात ठेव, ज्या सप्टेंबरला रिसेप्शन (शाळेचं पहिलं वर्ष) सुरू होणार त्याच वर्षीच्या 15 जानेवारीपर्यंत अर्ज काउन्सिलकडे करावा लागतो. शाळेत जाऊन नाव घालून आलो असं इथे चालत नाही, हे माहीत नसल्यामुळे घराजवळची शाळा हुकलेली बघितलीय मी.

सायली_एमके
बाप रे, 25 टक्क्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं! आजच नवऱ्याला फोन करायला लावते. तो एकटाच राहत होता, करार त्याच्याच नावावर आहे.

रेडवे_सायकलवाला
एक महत्त्वाचं राहतंय. बिलावर सिटी काउन्सिल, पोलीस, फायर यांच्याबरोबर पॅरिश किंवा टाउन काउन्सिलची एक छोटी ओळ दिसेल, तिथलं नाव नीट वाचा. मिल्टन कीन्समध्ये जवळजवळ प्रत्येक भागाला स्वतःचं पॅरिश काउन्सिल आहे, आपल्या ग्रामपंचायतीसारखं समजा, आणि गल्लीपातळीवरचे कार्यक्रम बहुतेक तेच करतात. ख्रिसमसचे दिवे, उन्हाळ्यातला फन डे, ज्येष्ठांची कॉफी मॉर्निंग, कम्युनिटी फ्रिज (उरलेलं चांगलं अन्न फुकट देणारा), असलं सगळं. लोक सिटी काउन्सिलच्या वेबसाइटवर शोधतात आणि काहीच नाही म्हणून सोडून देतात. पॅरिशचं न्यूजलेटर दारात येतं, पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून देऊ नका, आणि दुकानांपाशी नोटीसबोर्ड असतो तो वाचा.

सासूबाईंना चालायची सवय असेल तर विलन लेकला न्या, तळ्याकाठी 1980 साली बांधलेला पीस पॅगोडा आहे, रस्ता सपाट आहे, बाकंही आहेत. व्हिजिटर असल्यामुळे फुकट बसपास मिळणार नाही, पण कॉफी मॉर्निंगला कोणी व्हिसा विचारत नाही. माझी आई आली होती तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून जायलाच तयार नव्हती, मग तिथे विणकामाची टेबलं दिसली आणि सुया हातात आल्यावर तिला भाषा लागलीच नाही.

हॉलवाली_काकू
हळदीकुंकवासाठी पॅरिशचा कम्युनिटी हॉल किंवा मीटिंग प्लेस बघ, खाजगी हॉलपेक्षा खूप स्वस्त पडतो. शनिवार-रविवार दुपार मुलांच्या वाढदिवसांनी भरलेली असते म्हणून आत्ताच फोन कर, जानेवारी काही लांब नाही. बुक करताना हे विचार: मांडामांड आणि आवराआवरीचा वेळ भाड्यात धरतात का, किचन वापरता येईल का, डिपॉझिट किती, आणि इन्शुरन्स लागतो का. घरगुती कार्यक्रमाला बहुतेक मागत नाहीत, मंडळाच्या जाहीर कार्यक्रमाला मागतात. निरांजन, उदबत्ती, कापूर चालेल का तेही आधीच विचार, बऱ्याच हॉलमध्ये धुराचा अलार्म थेट जोडलेला असतो. आम्ही हल्ली बॅटरीचे दिवे लावतो, हळदीकुंकू त्यानेही छान होतं.

साधं हळदीकुंकू, तिळगूळ, गाणी याला लायसन्स लागत नाही. उद्या मंडळ काढून मोठं काही केलंत आणि दारू विकायची असेल किंवा रात्री 11 नंतर संगीत चालवायचं असेल तर काउन्सिलला टेम्पररी इव्हेंट नोटीस (तात्पुरत्या कार्यक्रमाची आगाऊ सूचना) द्यावी लागते, 21 पौंड, किमान दहा कामाचे दिवस आधी, आणि माणसं 499 पर्यंतच. गणपतीचं विसर्जन ग्रँड युनियन कॅनॉलमध्ये किंवा तळ्यात परवानगीशिवाय करू नका, घरच्या टबात शाडूची मूर्ती विरघळते आणि माती बागेत घालता येते.

सायली_एमके
काकू, पॅरिशकडून पैशाची मदत पण मिळते असं ऐकलंय, हळदीकुंकवाला मागू का?

हॉलवाली_काकू
एकट्या माणसाला नाही देत गं. ग्रुप लागतो, लिखित घटना, ग्रुपच्या नावाने बँक खातं आणि त्यावर दोन सह्या, आणि कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला असावा लागतो. यंदा स्वतः कर, ज्या येतील त्यांचे नंबर घे, त्यातल्या चौघी-पाचजणी उत्साही निघाल्या तर पुढच्या वर्षी ग्रुप करा आणि अर्ज टाका. खर्चाचं साधं अंदाजपत्रक आणि एक पानभर माहिती एवढंच बहुतेक मागतात.

जुनाजाणता
अजून एक, आणि हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. भारतीय नागरिकांना इथे मतदानाचा हक्क आहे, कॉमनवेल्थ देश म्हणून, वर्क व्हिसावर असलात तरी, काउन्सिलच्याच नाही तर पार्लमेंटच्या निवडणुकीलाही. ऑनलाइन नोंदणीला पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी घ्या. मतदानाला ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. मतदारयादीत नाव असलं की क्रेडिट स्कोअरलाही मदत होते, तो पुढे घर घेताना लागतोच. आणि तुमच्या वॉर्डचे काउन्सिलर लोकांना भेटायची वेळ ठेवतात, त्याला सर्जरी म्हणतात. फुटपाथवरचा दिवा बंद आहे, बागेतला झोपाळा तुटलाय, कचरा उचलला नाही, आधी वेबसाइटवर तक्रार टाकून नंबर घ्या, काही झालं नाही तर तो नंबर घेऊन काउन्सिलरला ईमेल करा. उत्तरं येतात.

सायली_एमके
सगळ्यांचे मनापासून आभार. बिलावर पॅरिशचं नाव सापडलं, त्यांच्या हॉलला फोन केला, जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारची दुपार मोकळी आहे आणि उदबत्ती चालणार नाही असं त्यांनी सांगितलं. सूट मागायचा फॉर्म नवऱ्याने रात्रीच भरला. उद्या राइमटाइमला जातेय. मिल्टन कीन्समधल्या कुणाला हळदीकुंकवाला यायचं असेल तर मेसेज करा, वाणाच्या वस्तू किती घ्यायच्या ते ठरवायचंय.

दोन_पिल्लांची_आई
माझं नाव लिही, साताऱ्याच्या मैत्रिणीचं पण. तिळाचे लाडू मी आणते, पाकिटावर तीळ-शेंगदाणे लिहून चिकटव मात्र, इथे ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात.