मॅटप्लॉटलिबमध्ये तुटक रेघ सलगच दिसते, तातडीने मदत हवी आहे

भिडे_पुलापलीकडे (धागाकर्ता)
उद्या दुपारी प्रबंधाचा मसुदा प्रिंट करून द्यायचाय आणि मी नऊ वाजल्यापासून मॅटप्लॉटलिब या पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत एकाच ग्राफवर अडकलोय. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा वर्षभराचा रोजचा साठा एकत्र दाखवायचाय. गाइडना कृष्णधवलच हवंय, म्हणून एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, एक रेघ-ठिपका असं ठरवलं. लाइनस्टाइलला (रेघेचा प्रकार ठरवणारी सेटिंग) दोन डॅश दिले, कोलन दिला, 'डॅश्ड' असं नावही लिहून पाहिलं. ग्राफमध्ये चारही रेघा सलगच! लेजंडमध्ये (कोणती रेघ कशाची हे सांगणारी चौकट) मात्र बरोबर येतात. जुलैत पाणी भराभर चढतं तेवढ्याच भागात जराशा फटी दिसतात. लायब्ररी काढून पुन्हा टाकली, तरी तेच. लवकर सांगा, प्लीज.

पेठेतला_कोडर
व्हर्जन? कोड कुठाय? स्क्रीनवर बघताय की पीडीएफमध्ये?

ग्नू_काका
मी गेली १५ वर्षं ग्नूप्लॉट वापरतोय, हा त्रास कधी झाला नाही. डॅशटाइप २ लिहा, तुटक रेघ तयार. अवतरणात डॅश, टिंब, मोकळी जागा टाइप केली तर जशी टाइप केली तशीच रेघ येते. एकदा करून बघाच.

रेवती_सां
काका, त्याला उद्या द्यायचंय. आज रात्री नवं सॉफ्टवेअर कुठे शिकायला लावता?
धागाकर्ते, नाव देऊ नका, टपल द्या, म्हणजे कंसातले आकडे. पहिला आकडा म्हणजे नक्षी किती सरकवून सुरू करायची, पुढच्या कंसात रेघ, फट, रेघ, फट अशी मापं. (०, (८, ३)) म्हणजे ८ रेघ, ३ फट. मापं पॉइंटमध्ये असतात, इंचाला ७२. पण व्हर्जन २.० पासून ती रेघेच्या जाडीने गुणली जातात. डिफॉल्ट जाडी १.५, म्हणून तुमचे ८ प्रत्यक्षात १२ होतात. माझा पहिला पेपर करताना हे न कळल्याने दोन दिवस गेले होते.

भिडे_पुलापलीकडे
व्हर्जन ३.८. स्क्रीन आणि पीडीएफ दोन्हीकडे तेच. टपलही केलं, (०, (१, १)) दिलं तरी सलगच. एरर काही नाही. कोड मोठा आहे, पण त्यात विशेष काही नाही, साधा प्लॉटच आहे.

ट्रेसिंग_पेपर
मी ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली, म्हणून राहवत नाही. आमच्याकडे न दिसणारी कड तुटक आणि मध्यरेषा साखळी, म्हणजे लांब रेघ आणि ठिपका, हे ठरलेलं असे. तुटक रेघ कोपऱ्याला पोचली की तिथे रेघच भेटली पाहिजे, फट नाही. रोट्रिंगच्या पेनने फट चुकली तर ब्लेडने शाई हलकेच खरवडायची, आणि ट्रेसिंग फाटलं की सगळं पहिल्यापासून. तुमच्या ग्राफमध्ये कोणत्या धरणाला कोणती रेघ, यालाही काही अर्थ असू द्या.

मुठाकाठ
थोडं वेगळं सांगतो. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगावची १२.८२. एकाच अक्षावर घेतलंत तर खडकवासला तळाला चिकटणार, मग रेघ तुटक असो की सलग. टक्केवारी काढा.

रेवती_सां
टक्केवारीला माझा ठाम विरोध. खडकवासला १०० टक्के भरलं तरी पाणी दोन टीएमसीच्या आतच, आणि ग्राफमध्ये ते वरसगावच्या बरोबरीने उभं राहणार. वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

मुठाकाठ
चौघांचे मिळून २९.१५ टीएमसी हे पुण्यात सगळ्यांना पाठ आहे, दिशाभूल कसली? आणि जुलैतली रेघ ठळक दिसलीच पाहिजे. आमच्या घरात १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पुराचं पाणी शिरलं होतं. आजी भिंतीवरची खूण दाखवायची, माझ्या खांद्याच्या वर होती.

पेठेतला_कोडर
पानशेतवर वेगळा धागा काढा, मी नक्की वाचीन. इथे एक प्रश्न राहिलाय. लेजंडमध्ये तुटक, जुलैच्या चढावर फटी, बाकी सलग. धागाकर्ते, रेघ एका दमात काढताय की तुकड्या-तुकड्याने? फॉर लूप आहे का?

भिडे_पुलापलीकडे
हो, लूप आहेच. मधल्या काही दिवसांचे आकडे नाहीत, तिथे रेघ जोडली जाऊ नये म्हणून आज-उद्या अशा जोड्या घेऊन प्लॉट करतोय. लेबल फक्त पहिल्या जोडीला. त्याचा काय संबंध?

पेठेतला_कोडर
सगळा संबंध तिथेच आहे. प्रत्येक प्लॉटला तुटक नक्षी पहिल्यापासून सुरू होते, आणि सुरुवात नेहमी रेघेने. डिफॉल्ट चित्र ६.४ इंच रुंद, त्यात कडा सोडून रेघेला जेमतेम ३२५ पॉइंट मिळतात. वर्षाचे ३६५ दिवस त्यात बसवले की एका दिवसाला एक पॉइंटही येत नाही. 'डॅश्ड'ची पहिली रेघ ३.७ गुणिले १.५, म्हणजे साडेपाच पॉइंट. फट यायच्या आतच तुकडा संपतो, पुढचा परत रेघेने सुरू. तुमच्या (१, १) मधला ठिपकाही दीड पॉइंटचा, तोही एका दिवसाला पुरतो. जुलैत रेघ उभी चढते, तुकडा लांब होतो, तिथेच फटीला जागा मिळते.
लूप काढून टाका. तारखांचा पूर्ण इंडेक्स करून रिइंडेक्स करा, म्हणजे आकडे त्या पूर्ण यादीवर बसवा; नसलेल्या दिवशी नॅन, म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण, येईल. नॅनवर मॅटप्लॉटलिब स्वतःच रेघ तोडतं. एका धरणाला एकच प्लॉट.

भिडे_पुलापलीकडे
झालं!! चारही वेगळ्या दिसतायत. खरंच खूप आभार. फक्त ठिपके चौकोनी येतायत, आणि टेमघरला (०, (१०, ३, १, ३)) दिलंय ते लेजंडमध्ये अर्धवट दिसतं.

रेवती_सां
ठिपक्यांसाठी डॅश कॅपस्टाइल, म्हणजे तुकड्यांच्या टोकांचा आकार, 'राउंड' करा आणि (०, (०.१, २)) द्या, गोल येतील. टेमघरच्या नक्षीचा एक फेरा १७ गुणिले १.५, म्हणजे २५.५ पॉइंट. अक्षर १० पॉइंटचं असेल तर लेजंडची रेघ २० पॉइंटच असते. हँडललेंग्थ, म्हणजे लेजंडमधल्या रेघेची लांबी, ४ करा.

ग्नू_काका
ग्नूप्लॉटमध्येही नसलेल्या दिवसाच्या जागी रिकामी ओळ सोडली की रेघ तुटते. नोंद असावी.

भिडे_पुलापलीकडे
सकाळी अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढली. झेरॉक्सची झेरॉक्स काढून पाहिली, त्यातही वरसगाव आणि पानशेत वेगळे ओळखू येतात. टीएमसीच ठेवलंय. खडकवासल्याला सलग जाड रेघ दिली, तळाला असूनही दिसते.

ट्रेसिंग_पेपर
पानशेतला कोणती दिलीत?