साडेतीन वर्षांच्या पोराला रोज एक पान ‘अ’: तुम्हाला पटतं का?

खानापूरची आई
पोरगा जूनपासून नर्सरीत जातोय. ठिपक्यांच्या ‘अ’वर पेन्सिल फिरवून रोज एक पान भरून न्यायचं असतं. दहाव्या ‘अ’ला पेन्सिल मुठीत जाते, विसाव्याला रडं सुरू. परवा नुसती वही दिसली तर पलंगाखाली जाऊन बसला. माझं मत स्पष्ट आहे: पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत रेघांच्या वहीत अक्षर काढायला लावूच नये.

निवृत्त गुरुजी, चिकोडी
रडवू नये हे मान्य. पण पाच वर्षं थांबा, हे पटत नाही. मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत पहिलीला शिकवलं. सांगली-साताऱ्याच्या मुलाला दोन लिप्या, कर्नाटकातल्या आपल्या बेळगावकडच्या मराठी मुलाला तीन. देवनागरी शिरोरेषेला लोंबतं, इंग्रजी ओळीवर बसतं, कन्नड वाटोळं आणि डोक्यावर तलकट्टू, म्हणजे अक्षरावरची छोटी खूण. तिन्ही एकदम अंगावर आली की मूल गांगरतं. मायबोलीची अक्षरं चौथ्या वर्षीच हातात बसली तर पुढचं निभतं. दसऱ्याला पाटीवर एक आकड्यांची सरस्वती काढताना आपल्या घरात कुणी वय मोजलं होतं का?

अंगणवाडी ताई
गुरुजी, तीन लिप्या आहेत म्हणूनच घाई नको. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्याला अधिकची खूण, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. आता ‘अ’ बघा. दोन अर्धगोल, मधली आडवी रेघ, उभा दंड, वर शिरोरेषा. ज्या हाताला अजून अधिकची खूण जमत नाही, त्याला हे कसं जमेल? मनगटात आठ लहान हाडं असतात. साडेतीन वर्षांच्या मुलात त्यातली निम्मी तरी अजून कूर्चाच, म्हणजे हाड न झालेला मऊ भागच, असतात. मूठ करून पेन्सिल धरतो तो हट्टानं नव्हे.

आमच्याकडं मुलं शेंगा सोलतात, मणी ओवतात, चिमटीनं चिरमुरे वेचतात, कणकेचे साप करतात. परातीत ज्वारी पसरून त्यात बोटानं रेघा ओढतात. पुढं पेन्सिल धरायची ती ह्याच चिमटीनं. पालक मात्र संध्याकाळी येऊन विचारतात, “आज काय लिहून घेतलं?” तेव्हा फार वाईट वाटतं.

निपाणीकर बाबा
ताई, बोलायला सोपं आहे. गेल्या वर्षी एका शाळेत पोरीचं नाव घालायला गेलो, तर चार वर्षांच्या पोरीला म्हणाले, नाव लिहून दाखव. तिला येईना. आम्ही घरी बसवून शिकवलं. आता ती आपणहून वही घेऊन बसते, भिंतीवर नाव लिहिते. सगळ्या मुलांना एकच माप कशाला लावता?

खानापूरची आई
तुमची पोर मागते, माझा पळतो. मागणाऱ्याला कोण अडवतंय? पण प्रवेशाला येणाऱ्या लेकराची अशी परीक्षा घेणंच चूक आहे. कर्नाटकात पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत; २०२५-२६ साठी पाच वर्षं पाच महिन्यांपर्यंत सवलत दिली होती. म्हणजे माझ्या पोराकडं अजून अडीच वर्षं आहेत. मग हे रोजचं पान कशासाठी?

शहापूरहून
आमची नात डाव्या हातानं धरते आणि घरातले पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. तेवढं कुणी करू नका. हात तिचा तिला ठरवू दे.

निवृत्त गुरुजी, चिकोडी
वही मलाही नको आहे. पाटी द्या. मोठं काढता येतं, पुसता येतं, चुकलेलं डोळ्यांसमोर राहत नाही. आणि ‘अ’पासून सुरुवात कुणी सांगितली? आम्ही ग, म, भ, न घ्यायचो. दंड कळला की अर्धं काम झालं, आणि चार अक्षरांत ‘मन’, ‘नग’, ‘नभ’ असे शब्दही होतात. माझं म्हणणं तेच आहे, चौथं वर्ष वाया घालवू नका.

अंगणवाडी ताई
पाटी आणि ‘ग’, दोन्ही मान्य. चौथ्या वर्षी अक्षर दाखवायलाही माझी ना नाही. माँटेसरीबाईंच्या पद्धतीतही साधारण त्याच वयात अक्षरं येतात. पण ती खरखरीत कागदाची, बोटानं गिरवायची. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून महाराष्ट्रातल्या बोर्डी गावात बालवाडी उभी केली ती बिया, शिंपले, दगड असल्या आसपासच्या वस्तूंवर. चौथं वर्ष बोटाचं असू दे, पेन्सिलीचं नको. खेळणं म्हणजे वर्ष वाया घालवणं, हे मी कधीच मान्य करणार नाही.

खानापूरची आई
उद्या बाईंना भेटून विचारते, पानाऐवजी पाटीवर तीन ‘ग’ चालतील का. आज ज्वारीची परात दिली होती. अर्धा तास बसला, ‘ग’ काही आला नाही, पण लांबच्या लांब रेघा ओढल्या आणि परात उचलू देईना.

निवृत्त गुरुजी, चिकोडी
तीन नको, एकच काढू दे. परातभर मोठा. पण रोज.