केसांच्या गोळ्या आणि थायरॉईडचा रिपोर्ट

केस गळणं, थकवा आणि वजन वाढणं एकत्र दिसलं की टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, असा सल्ला इथे दिला गेलाय, तो पटला. पण रक्त द्यायच्या आधी बायोटिनचं (केसांच्या गोळ्यांत असणारं एक व्हिटॅमिन) कुणीच काही लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. आमच्या खानापूरच्या वहिनींना थंडी सोसेना, पोट साफ होईना, केसांचे तर पुंजके हातात येत. बेळगावला तपासणी केली तर टीएसएच कमी आणि टी४ (थायरॉईडचं हार्मोन) जास्त, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतंय असं; लक्षणं मात्र अगदी उलट, थायरॉईड मंदावल्याची! नशीब, डॉक्टरांनी लगेच औषध न देता आधी विचारलं, "दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत?" मेडिकलमधून आणलेल्या केसांच्या गोळ्या निघाल्या, १० मिलिग्रॅम बायोटिनच्या. शरीराला रोज लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम! त्या बंद करून पुन्हा रक्त दिलं, तेव्हा टीएसएच वाढलेलं, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं, स्पष्ट दिसलं.

बऱ्याच लॅबच्या चाचणीत बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे चुकतात. थायरॉईड ग्रंथीला त्यानं काही होत नाही, फक्त रिपोर्ट फसवा येतो. निदान दोन दिवस आधी गोळी थांबवायची, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारायचं. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही बायोटिन बघा. आणि थायरॉईडची गोळी आधीच चालू असेल, तर त्या सकाळी रक्त दिल्यावरच ती घ्या.